चार ट्यूबचं ऊन

नवरात्रात देवघरात घट बसतो. पत्रावळीवर काळी माती, मातीत पेरलेलं धान्य, मधोमध पाण्याचा कलश. नवव्या दिवशी घट उठवतात तेव्हा धान्य वीतभर वाढलेलं असतं, पण शेतातल्या गव्हाशी त्याचं फारसं साम्य नसतं. लांबट, पिवळं, हात लागला तरी कलंडेल असं. समईचा आणि खोलीतल्या दिव्याचा उजेड त्याला पुरलेला नसतो. अंधारात उगवलेलं रोप दाण्यातली शिदोरी उंची गाठण्यात घालवतं. वर कुठेतरी ऊन असेल, आधी तिथवर पोचू, पानं हिरवी करायचं नंतर बघू, असा त्याचा हिशेब असतो.

फ्लॅटच्या खिडकीत लावलेल्या मिरचीची, टोमॅटोची रोपं अशीच काडीसारखी वाढतात, तेव्हा मात्र दोष खताला, बियाणाला किंवा स्वतःच्या हाताला दिला जातो. खोली तर चांगली उजेडाची असते! अडचण इथेच आहे. उजेड पारखायला माणसाचा डोळा कुचकामी आहे. बाहेर भर दुपारी एक लाख लक्स उजेड असतो आणि रात्री दिवाणखान्यात शंभर ते तीनशे. फरक शेकडो पटींचा, पण डोळा दोन्हीकडे सहज जुळवून घेतो आणि दोन्हीकडे पेपर वाचता येतो. रोपाला अशी सवलत नाही. पानावर पडलेला प्रकाशाचा कण न् कण त्याच्या जेवणाचा असतो. घरी एलईडीचे दिवे जोडून भाजी पिकवू पाहणाऱ्याने सोल्डरिंग गन हातात घेण्याआधी हे मोजमाप शिकलं, तर निम्मं काम झालं.

लक्स आणि ल्यूमेन ही एककं माणसाच्या नजरेसाठी बेतलेली आहेत. आपली नजर ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट पिवळ्या रंगाला सर्वांत तीक्ष्ण असते, म्हणून त्या रंगाला या मापात सर्वाधिक गुण मिळतात. वनस्पती ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला, म्हणजे जांभळ्यापासून लालपर्यंतचा प्रकाश वापरतात आणि त्यांच्यासाठी कणांची संख्या महत्त्वाची असते. म्हणून बागायती दिव्यांचं माप मायक्रोमोलमध्ये सांगतात: एका चौरस मीटरवर एका सेकंदात किती मायक्रोमोल प्रकाशकण पडले. भर उन्हात हा आकडा दोन हजारांच्या आसपास जातो. दिवाणखान्यात रात्री तो दोन ते चार असतो. एवढ्यात बहुतेक भाज्यांचा श्वासोच्छ्वासाचा खर्चही भागत नाही, वाढ तर दूरच.

हा झाला त्या क्षणाचा वेग. पावसाची सर किती जोराची होती यापेक्षा दिवसभरात किती मिलिमीटर पडला हे शेतकऱ्याला जास्त कामाचं असतं, तसं रोपालाही दिवसाची एकूण बेरीज लागते. ती मोलमध्ये मोजतात. स्वच्छ आकाशाच्या उन्हाळी दिवशी उघड्यावर चाळीसच्या वर मोल पडतात. लेट्यूसला १२ ते १७ हवेत. मिरची-टोमॅटोला फळं धरायची तर वीस ते तीस. मोड आलेल्या मोहरी-मेथीचे कोवळे कोंब, ज्यांना हॉटेलं मायक्रोग्रीन्स म्हणून ताटात सजवतात, ते याहून बऱ्याच कमीत भागवतात.

मोजायचं कशाने? खास मीटर महाग असतो. पण मोबाइलवर लक्स दाखवणारं फुकट ॲप मिळतं, आणि पांढऱ्या एलईडीखाली लक्सला साधारण सत्तरने भागलं की मायक्रोमोलचा कामचलाऊ आकडा हाती येतो. दहा हजार लक्स म्हणजे सुमारे १४० मायक्रोमोल. फोनचा सेन्सर काही प्रयोगशाळेतला नव्हे, पण कुंडीत अंधार आहे की उजेड, एवढा निकाल तो नक्की देतो.

विजेच्या दिव्याखाली झाडं वाढवण्याची हौस एलईडीपेक्षा पुष्कळ जुनी आहे. १८८० मध्ये विल्यम सीमेन्स या अभियंत्याने इंग्लंडमधल्या टनब्रिज वेल्सजवळच्या आपल्या घरी आर्क दिवे लावून रोपं वाढवली आणि लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निष्कर्ष मांडले. उघड्या आर्क दिव्याने पानं करपत, मध्ये काच धरली की ती तरारत. काचेने अतिनील किरण अडवले जात होते.

एलईडीखाली झाडं वाढवण्याची गोष्ट सुरू झाली ती अंतराळासाठी. निक होलोनियाक यांनी १९६२ मध्ये लाल एलईडी करून दाखवला होता. १९८०च्या दशकाच्या अखेरीस विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी नासाच्या पाठबळावर तो झाडांपुढे धरला. अवकाशयानात काचेचे तापणारे बल्ब नकोत, वीज मोजून मापून, जागा मुठीएवढी. लाल एलईडी तोवर बरे प्रखर झाले होते, निळे मात्र मिणमिणते. म्हणून लेट्यूसच्या सुरुवातीच्या प्रयोगांत लाल एलईडीच्या जोडीला निळ्या फ्लुरोसंट नळ्या वापराव्या लागल्या. १९९५ मध्ये कोलंबिया यानात एलईडीखाली बटाट्याचे छोटे कंद धरले, आणि १० ऑगस्ट २०१५ रोजी अंतराळ स्थानकातल्या अंतराळवीरांनी तिथेच पिकलेला लाल लेट्यूस खाल्ला. तिथल्या 'व्हेजी' या पेटीत लाल आणि निळ्यासोबत थोडे हिरवे दिवेही आहेत. त्यांचं मुख्य काम पाहणाऱ्याला पान पानासारखं दिसावं एवढंच.

बाजारातल्या त्या जांभळ्या दिव्यांचा उगम हा. हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश सर्वाधिक शोषतं, हिरवा परत फेकतं, म्हणून हिरवा वायाच जातो, हे शाळेत सगळेच शिकलेले. त्यावरून 'झाडांना फक्त लाल-निळा द्या' असा सोपा नियम निघाला आणि जगभर जांभळे पॅनेल विकले गेले. पण परीक्षानळीतलं हरितद्रव्य वेगळं आणि जिवंत पान वेगळं. कीथ मॅकक्री यांनी १९७२ मध्ये बावीस पिकांच्या पानांवर मोजून दाखवलं की हिरव्या प्रकाशावरही प्रकाशसंश्लेषण चांगलं चालतं. जपानी संशोधकांनी २००९ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. प्रखर पांढऱ्या उजेडात पानाचा वरचा थर लाल-निळ्याने भरून गेलेला असतो, तेव्हा हिरवा प्रकाश आत खोलवर पोचून जास्त कामाला येतो. थोडक्यात, साधा पांढरा दिवा झाडाला उत्तम चालतो. जांभळ्या उजेडाचा आणखी एक तोटा आहे. त्यात हिरवी पानं काळपट दिसतात. मावा पडला, पान पिवळं पडलं, तरी दिवा बंद करेपर्यंत समजत नाही.

पांढरा एलईडी मुळात निळाच असतो. निळ्या चिपवर पिवळसर फॉस्फरचा लेप दिला की काही निळा प्रकाश इतर रंगांत बदलतो आणि मिळून पांढरा दिसतो. म्हणून निळ्या एलईडीचा शोध महत्त्वाचा ठरला आणि आकासाकी, अमानो, नाकामुरा या तिघांना त्याबद्दल २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढच्याच वर्षी आपल्याकडे 'उजाला' योजना आली. सरकारी खरेदीत ३१० रुपयांना पडणारा बल्ब दोनेक वर्षांत ३८ रुपयांवर उतरला. घराघरांत दिवे बदलले, आणि शेतीसाठी म्हणून कोणी न केलेला स्वस्त दिवा कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात येऊन बसला.

घरी दिवे जोडण्याची खरी लाट मात्र अमेरिका-कॅनडातल्या तळघरांतून आली, आणि आडपडदा न ठेवता सांगायचं तर ती बरीचशी गांजा लावणाऱ्यांनी आणली. (आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने विनापरवाना ही लागवड गुन्हा आहे.) ही मंडळी पूर्वी सहाशे आणि हजार वॅटचे सोडियम दिवे लावत. खोलीची भट्टी व्हायची, बिल वेगळं. बाजारातले तयार एलईडी पॅनेल 'हजार वॅट' म्हणून विकले जात आणि प्लगला मीटर लावला तर जेमतेम शंभर-सव्वाशे वॅट घेत. 'आतल्या चिप एवढं झेपवू शकतील' असा तो कागदी आकडा. तो प्रकार अजून थांबलेला नाही. तेव्हा लोकांनी सुटे भाग आणून स्वतःच दिवे बांधले. आधी तीन-तीन वॅटचे चांदणीच्या आकाराच्या पाटीवर बसवलेले एलईडी, मग नाण्याएवढ्या चकतीत शेकडो चिप कोंबलेले सीओबी, आणि ते थंड ठेवायला कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवरून उतरवलेले कूलर. पुढे मोठ्या पाटीवर शेकडो बारीक एलईडी पसरून प्रत्येकाकडून थोडंच काम घेण्याची पद्धत आली. आज कंपन्या विकतात ते बहुतेक बोर्ड याच वाटेवरचे आहेत. युटा स्टेट विद्यापीठातल्या ब्रूस बगबी यांनी २०१४ मध्ये तपासलं तेव्हा उत्तमातला उत्तम एलईडी आणि उत्तमातला सोडियम दिवा बरोबरीत होते. एका जूल विजेमागे सुमारे १.७ मायक्रोमोल. आज चांगल्या एलईडी चिप तीनच्या वर देतात.

आपल्याकडे सुरुवात करणाऱ्याने यातलं काहीही विकत घेऊ नये. चार फुटी, वीस वॅटच्या चार साध्या एलईडी ट्यूब, ज्यांना दुकानदार बॅटन म्हणतो, आणि स्लॉटेड अँगलचा एक रॅक, एवढ्यावर भागतं. 'कूल डेलाइट' ट्यूबमध्ये निळा भाग जास्त असतो, त्याने रोपं बुटकी आणि दणकट राहतात. 'वॉर्म व्हाइट'मध्ये लाल जास्त. दोन-दोन मिसळल्या तर छानच. हिशेब असा: एका ट्यूबचे साधारण दोन हजार ल्यूमेन, चारचे आठ हजार. चार फूट बाय दीड फुटाचा कप्पा म्हणजे अर्ध्या चौरस मीटरहून थोडा जास्त. पाचांतले चार हिस्से उजेड पानांवर पडला तर अकरा हजारांवर लक्स, म्हणजे सुमारे १६० मायक्रोमोल. चौदा तास लावल्यास दिवसाला आठेक मोल. मेथी, कोथिंबीर, मायक्रोग्रीन्स आणि कोणत्याही भाजीची पहिली तीन-चार आठवड्यांची रोपं यात मजेत वाढतात. लेट्यूस जरा हळू. टोमॅटोला फळं धरायची आशा मात्र या कप्प्यात ठेवू नये.

'पाचांतले चार हिस्से' हे आपोआप होत नाही. ट्यूब कप्प्याच्या छताला पक्की न ठोकता साखळीने टांगावी, म्हणजे रोपाच्या शेंड्यापासून पंधरा-वीस सेंटिमीटरवर ठेवून रोप वाढेल तशी वर घेता येते. छतावरची ट्यूब तीच, तेवढीच वीज खाणारी, पण तिचा बहुतेक उजेड भिंतींवर आणि जमिनीवर सांडतो. कप्प्याच्या कडांना मॅट पांढरा रंग दिलेला पुठ्ठा लावला की बाजूला पळणारा उजेड परत आत येतो. अवघ्या काही रुपयांच्या या पुठ्ठ्याने जो फरक पडतो, तो महागडी चिप आणूनही कित्येकदा पडत नाही.

खर्च लपवण्यात अर्थ नाही. ऐंशी वॅट चौदा तास म्हणजे दिवसाला १.१२ युनिट, महिन्याला चौतीसेक. युनिटला आठ रुपये धरले तर महिना पावणेतीनशे. मेथीच्या जुड्यांशी तुलना केली तर हा सौदा आतबट्ट्याचा आहे. बेसिल, लेट्यूस, मायक्रोग्रीन्स अशा महाग आणि लवकर कोमेजणाऱ्या गोष्टींत तो परवडू शकतो, आणि पावसाळ्यात गच्चीसाठी रोपं तयार करण्यात तर नक्कीच. मोठ्यांनाही हे गणित चुकलेलं नाही. एलईडीखाली मजल्यांवर मजले रचून भाजी पिकवणारी अमेरिकेतली एअरोफार्म्स २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली, बोअरी फार्मिंग २०२४ मध्ये बंद पडली. सूर्य फुकट देतो ते विकत घेऊन पालेभाजी विकायची, म्हणजे नफ्याला जागा थोडीच उरते.

ज्यांचे हात शिवशिवतात त्यांच्यासाठी पुढची पायरी आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात हिंडलं की सुटे एलईडी, ड्रायव्हर, थर्मल पेस्ट असं सगळं जमवता येतं. यात एकच तत्त्व पक्कं ध्यानात ठेवायचं: एलईडीला व्होल्ट नव्हे, करंट मोजून द्यायचा. चिप तापली की तिला लागणारा व्होल्टेज किंचित उतरतो. बाहेरून व्होल्टेज कायम ठेवला तर करंट वाढतो, त्याने ती आणखी तापते, आणि हे चक्र चिप जळल्यावरच थांबतं. म्हणून करंट कायम ठेवणारा, कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर हवा. समजा दहा पांढरे एलईडी आहेत, प्रत्येकी ३.१ व्होल्टचे, आणि चार गडद लाल, ६६० नॅनोमीटरचे, प्रत्येकी २.१ व्होल्टचे. एकापुढे एक ओळीत जोडले तर बेरीज ३९.४ व्होल्ट. '२४ ते ४२ व्होल्ट, ६०० मिलिअँपिअर' असं लिहिलेला ड्रायव्हर यावर बरोबर बसतो, आणि दिवा सुमारे चोवीस वॅटचा होतो. तीन वॅटची म्हणून विकलेली चिप इथे दोन वॅटच्या आतच चालते. हे मुद्दाम करायचं. कमी करंटवर चिप थंड राहते, वॅटमागे जास्त उजेड देते आणि वर्षानुवर्षं टिकते.

उष्णतेबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो. एलईडी थंड असतो, असं म्हणतात. त्याच्या उजेडात धग नसते हे खरं, पण विजेचा मोठा वाटा चिपच्या पाठीमागे उष्णता होऊनच साठतो आणि तिला बाहेर काढायला धातू लागतो. त्यासाठी खास हीटसिंकच आणला पाहिजे असं नाही. स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडे उरलेल्या ॲल्युमिनियम सेक्शनचा तुकडा सपाट करून, थर्मल पेस्टचा अगदी पातळ थर देऊन त्यावर एलईडी स्क्रूने आवळले तरी चालतं. अर्धा तास चालवून दिवा बंद करावा, प्लग काढावा आणि पाठीला हात लावून पाहावा. बोट टेकवून ठेवता येत नसेल तर धातू कमी पडतोय किंवा करंट जास्त आहे.

आणि पाणी. शेजारी शेजारी नांदणारी ही वीज आणि कुंडी एकमेकांची वैरी आहेत. घरच्या जुन्या एलईडी बल्बचं टोपण उघडून आतली चकती वापरण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. स्वस्त बल्बांत ड्रायव्हर मेनपासून वेगळा केलेला नसतो, त्यामुळे त्या चकतीवर थेट २३० व्होल्टचा झटका बसू शकतो. ट्यूबवरचं प्लॅस्टिकचं झाकण काढून उजेड वाढवण्याची युक्तीही याच कारणाने नको. धातूच्या रॅकला अर्थिंग, वायरिंगला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच), आणि वायर प्लगच्या खाली झोका घेऊन वर जाईल अशी सोडलेली, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोक्याच्या तळाशी टपकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही.

दिव्याला चोवीस तासांचा टायमर लावणं सक्तीचं समजावं. माणूस विसरतो आणि झाडाला रात्र लागते. सतत उजेडात ठेवलेल्या टोमॅटोची पानं पिवळी पडून खराब होतात. कोथिंबीर लांबलचक दिवसात पानांऐवजी फुलावर जाते, म्हणून तिला बारा-तेरा तासच बरे. शेवंतीचं याच्या बरोबर उलट: तिला फुलण्यासाठी लांब रात्र हवी. फुलायचं कधी ते झाडं दिवस-रात्रीच्या लांबीवरून ठरवतात हे अमेरिकेत गार्नर आणि ॲलार्ड यांनी १९२० मध्ये तंबाखूवर सिद्ध केलं, आणि शेवंतीचे शेतकरी रात्री शेतात बल्ब लावून फुलोरा हवा तेवढा लांबवतात तो याच आधारावर. इथे उजेड अन्न म्हणून लागत नाही, इशारा म्हणून लागतो. शंभरेक लक्सही पुरतात. साहजिकच, घरातली शेवंती भाजीच्या रॅकशेजारी ठेवली तर ती पालाच वाढवत बसेल.

जांभळ्या दिव्यांखाली केशर पिकवल्याचे व्हिडिओही गेल्या काही वर्षांत फिरताहेत, पुण्यात कंटेनरमध्ये केशर फुलवल्याच्या बातम्याही आल्या. त्यात दिव्याचं श्रेय थोडं आहे. केशराचा कंद साठवलेल्या अन्नावर, मातीशिवाय आणि जवळजवळ अंधारातही फुलतो. त्याला लागते ती तापमानाची शिस्त. फुलाची कळी आत तयार होताना २३ ते २७ अंश, ती बाहेर पडताना सतराच्या आसपास. खरा उजेड लागतो तो फुलं खुडून झाल्यावर, पानं येऊन पुढच्या वर्षीचे कंद पोसले जाताना. प्रशिक्षणाची फी भरण्याआधी 'दुसऱ्या वर्षीचे कंद कुठून येणार?' हा प्रश्न विचारून पाहावा.

घरच्या दिव्याची सर्वांत मोठी निकड कदाचित परदेशातल्या मराठी घरांना असते, कढीपत्त्यापायी. न्यू जर्सीत डिसेंबरचा दिवस सव्वानऊ तासांचा, बाहेर बर्फ, आणि फोडणी तर रोजची. भारतातून रोप नेता येत नाही. अमेरिकेतल्या अमेरिकेतही ते वाटेल तसं हलवता येत नाही, कारण लिंबू-संत्र्याच्या बागा उद्ध्वस्त करणारा रोग पसरवणारी सिला नावाची कीड कढीपत्त्यावर राहते आणि त्यासाठी तिथे क्वारंटाइनचे नियम आहेत. म्हणून हाती असलेलं झाड जपलं जातं. थंडीत त्याला अठरा-वीस अंशांची खोली, आटोपशीर पाणी आणि शेंड्याजवळ टांगलेल्या पांढऱ्या एलईडीचे बारा ते चौदा तास मिळाले की पानगळ टळते. मे महिन्यात कुंडी बाहेर काढताना मात्र घाई नको. आपल्या पांढऱ्या एलईडीत अतिनील किरण जवळजवळ नसतात, आणि सहा महिने तेवढ्याच उजेडाची सवय झालेली पानं पहिल्याच भर उन्हात भाजून पांढरी पडतात. आठवडाभर सावलीत, मग दोन तास कोवळ्या उन्हात, असं टप्प्याटप्प्याने तिला अंगण दाखवावं लागतं.